बंदुकीची पाद्यपूजा

"तंगड्या सोड, मानकुमरे! सोड त्या तंगड्या!"

मुलाणी उस्तादांचा आवाज नेमबाजीच्या रेंजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि मागे झाडाखाली बसलेली अख्खी प्लाटून खो खो हसली. मी मुरमाच्या उंचवट्यावर बंदुकीमागे पालथी पडले होते. कान तापले माझे. हात मात्र होता तिथेच होता, नळीखाली, बायपॉडच्या डाव्या पायावर.

बायपॉड म्हणजे लांब पल्ल्याच्या बंदुकीला पुढच्या बाजूला लावलेले दोन घडीचे पाय. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, त्यांना खाचा. बटण दाबलं की पाय एक खाच लांब, परत दाबलं की एक खाच आखूड. कागदावर सगळं इतकं सोपं आहे. आम्हाला नेमबाजी शिकवणारे उस्ताद त्यांना तंगड्या म्हणत, आणि आमच्या पोलिसांच्या कॅम्पात दुसरा शब्द कुणाला माहीत नव्हता.

"डावी एक खाच कमी वाटतीय, उस्ताद," मी म्हणाले.

"मगाशी जास्त वाटत हुती न्हवं?"

"मगाशी उजवी जास्त वाटत होती."

प्लाटून परत हसली. माझ्या शेजारी दुर्बिणीला डोळा लावून पडलेली बकुळा थोरवेही हसली. ती माझी जोडीदार, म्हणजे स्पॉटर. मी गोळी मारायची आणि ती कुठे लागली ते तिने सांगायचं. मी तिच्या पोटरीवर एक लाथ घातली आणि डावा पाय एक खाच वाढवला. मग बंदूक उजवीकडे कलली असं वाटलं, म्हणून उजवाही वाढवला. मग सगळंच उंच झालं. तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी वाजली आणि निम्म्या गोळ्या खोक्यातच राहिल्या.

मला ही खोडच होती. घरी भाकरी करताना मी तवा चुलीवर इतक्या वेळा सरळ करायची की आई म्हणायची, तुझ्या हातची भाकरी खायची तर डबा बांधून यायला पाहिजे. आदल्या वर्षी विभागाच्या स्पर्धेतही हेच झालं होतं. ज्या गोळ्या मारल्या त्या सगळ्या मधल्या काळ्या ठिपक्यात, पण बाकीच्या मारायला वेळच उरला नाही. तेव्हा आमचे कमांडंट सरनोबत साहेब एवढंच म्हणाले होते, "मानकुमरे, पुढच्या वर्षी एकदा बघू. नाहीतर वायरलेसला माणूस लागतोच आहे."

वायरलेसची खोली मी पाहिली होती. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर पाल. स्पर्धेत पहिल्या तिघांत आले तर राज्याच्या संघात, नाही आले तर त्या पालीच्या सोबतीला. मला बंदूक इतकी आवडायची की त्या खोलीचा विचार आला तरी घास उतरत नसे.

स्पर्धा असायची दसऱ्याला. आमच्या विभागाची ती जुनी पद्धत होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, दसऱ्याला सकाळी ती उचलायची आणि सीमोल्लंघन म्हणून तुकाईच्या माळावरच्या रेंजवर चालवायची. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. हा नियम आमच्याकडे साहेबांच्या हुकमाहून मोठा होता.

त्या वर्षी नवमीला शस्त्रागारापुढच्या पटांगणात सगळी हत्यारं सतरंजीवर मांडली होती. मधोमध माझी बंदूक, बायपॉडचे दोन्ही पाय ऐटीत फाकवून उभी. उस्तादांनी आदल्या दिवशी ती स्वतः पुसून काढली होती. मला जवळही येऊ दिलं नव्हतं. दस्तगीर मुलाणी उस्ताद कराडकडचे, रोज्यांचेही पक्के आणि खंडेनवमीचेही. झेंडूच्या माळा त्यांच्याशिवाय कुणी ओवलेल्या चालत नसत. दोन फुलांमधलं अंतर ते बोटाने मोजायचे.

पूजा दरवर्षी साहेबांच्या पत्नी करायच्या. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. गोऱ्या, ठेंगण्या, हौशी बाई. एकेका हत्याराला हळदकुंकू लावत त्या माझ्या बंदुकीपाशी आल्या आणि थांबल्या.

"उस्ताद, या बंदुकीला पाय आहेत की हो!"

"व्हय, बाईसाहेब. नवीन तऱ्हेची हाय."

"मग पाय आहेत तर पाद्यपूजा नको का करायला? नुसतं कुंकू लावून कसं चालेल?"

उस्तादांचा चेहरा मी लांबून, रांगेतून पाहिला. याच माणसाने माझ्या बोटाचा ठसा बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेवर दिसला म्हणून मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आता त्याच बंदुकीखाली ताम्हन सरकलं. बाईसाहेबांनी चांदीची वाटी उचलली आणि आधी उजव्या, मग डाव्या तंगडीवर कलती केली.

बकुळाने माझं मनगट धरलं. "वैजे, पंचामृत! आगं, मध घातला तुझ्या बंदुकीत! दूध, दही, साखर, समदं!"

"गप."

"खाचांत जाईल की गं. वाळून बसंल उद्यापातूर."

साहेब बघत होते, सगळा कॅम्प बघत होता, बाईसाहेब मनोभावे हात जोडत होत्या. नाही म्हणायची कुणाची छाती होती? उस्तादांनी मान खाली घातली आणि तेही हात जोडून उभे राहिले. आणि आता सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता. त्या रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या मधाला, साखरेला आणि ज्याने गाय पाळायची पद्धत पाडली त्याला शिव्या घातल्या.

सकाळी माळावर पोचलो तर विभागातले सगळे कॅम्प हजर. कापडी मांडव, चहाच्या किटल्या, झेंडूची फुलं खोचलेल्या गाड्या. आमचा नंबर आला. मी बंदूक उंचवट्यावर ठेवली, उजव्या पायाचं बटण दाबलं, तो सळकन बाहेर आला. डाव्याचं दाबलं, तो हलला नाही. ओढला तरी हलला नाही. पूर्ण आत, सगळ्यात आखूड खाचेवर, दगडासारखा बसलेला.

"बसला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बकुळा, बसला गं मध!"

बकुळा हुशार होती, यात वाद नाही. ती पळत गेली आणि जवळच्या मांडवातून चहाचा पेला घेऊन आली.

"साखर गरम पान्यानं इरघळती का न्हाय? मग वत." आणि मी काही बोलायच्या आत तिने तो कढत चहा डाव्या तंगडीवर ओतला.

"अगं बये, चहातही साखरच असते!"

"आं?" बकुळाने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. "व्हय की."

पाय काही सुटला नाही. फक्त आलं घातलेल्या चहाचा वास सुटला.

मी उस्तादांकडे धाव घेतली. ते मांडवाच्या खांबाला टेकून पान जुळवत होते. "उस्ताद, डावी अडकलीय. पंचामृतानं अडकलीय. दुसरी बंदूक द्या."

"हत्यार बदलता येत न्हाय. नेम हाय तसा."

"मग मी काय करू?"

"दुसरी सुदिक तेवढीच आखूड कर आन मार."

"एवढ्या खाली? मला पुढचं गवत आडवं येतंय!"

"मग गवताच्या म्होरं जा की, बाई! पाय न्हाईत व्हय तुला?" असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं, म्हणजे आता बोलणं संपलं.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मी परत गेले. उजवा पाय दाबून आत सारला, डाव्याइतका. बंदूक आता जमिनीला अगदी लगटून होती आणि समोर खरंच नुसतं कुसळ दिसत होतं. मी बंदूक उचलून उंचवट्याच्या अगदी कडेवर, गवताच्या पुढे नेली. तिथे जमीन उजवीकडे थोडी चढत होती. बोटांनी मुरूम उकरून उजव्या पायाला खळगा केला, तेव्हा बंदूक सरळ बसली. आणि मग शिट्टी वाजली. वेळ सुरू झाला.

मी पालथी पडले. इतकी खाली मी कधीच पडले नव्हते. हनुवटीला माती लागली. दस्त्याखाली, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाखाली, माझी नेहमीची पिशवी होती, पायमोज्यात ज्वारी भरून शिवलेली. ती मुठीत दाबली की दस्ता वर जातो, सोडली की खाली येतो. समोर लक्ष्य दिसलं. माझा डावा हात सवयीने पुढे गेला, बायपॉडला लागला, आणि परत आला. करण्यासारखं काही नव्हतंच तिथे. डावा पाय हलत नव्हता, आणि तो हलणार नाही म्हणजे उजव्यालाही हात लावण्यात अर्थ नव्हता.

मग खांद्याने बंदूक जराशी पुढे रेटली. उस्ताद हे वर्षभर घसा फोडून सांगत होते. रेटली की दोन्ही पाय मातीत घट्ट टेकतात आणि गोळी सुटताना बंदूक उडी मारत नाही. मला ते शब्द पाठ होते, पण रेटायला मला कधी वेळच मिळाला नव्हता. दोन्ही पाय मुरमात रुतले. बंदूक थांबली. खरोखर थांबली, देव्हाऱ्यातल्या समईसारखी.

मी श्वास सोडला आणि घोडा दाबला.

"काळ्यात," बकुळा पुटपुटली. "मधोमध."

दुसरी मधोमध. तिसरी पण. बकुळाचा आवाज हळूहळू चढायला लागला. आणि मग मला मनगटावर काहीतरी चालल्यासारखं वाटलं.

"बकुळे," मी ओठ न हलवता म्हणाले, "मुंग्या."

"कुठं?"

"तुझ्या चहावर आल्यात. आता माझ्यावर येतायत."

तांबड्या होत्या. माळावरच्या त्या लांब पायांच्या, तिखट. डाव्या तंगडीवरून रांगेने नळीवर, नळीवरून दुर्बिणीवर, आणि तिथून माझ्या हातावर. एक मनगटाला चावली. एक बाहीत शिरली. एक दुर्बिणीच्या काचेवर आली आणि लक्ष्याच्या काळ्या ठिपक्यावर, मला म्हशीएवढी दिसत, सावकाश फिरायला लागली.

"झाडू का?" बकुळाने विचारलं.

"हात लावू नकोस! बसलंय सगळं. हलवू नकोस!"

हे मी बोलले. मी, वैजयंता मानकुमरे. म्हैस काळ्यावरून बाजूला होईपर्यंत थांबले आणि गोळी मारली. मानेला एक चावली, तरी मारली. कोपराशी दोघी मिळून चावल्या, तेव्हा मी माझ्या आजोळच्या भाषेत एक शिवी दिली आणि तरी मारली. शेवटची गोळी सुटली आणि शिट्टी वाजायला अजून वेळ होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे वेळ उरला होता. तो मी उठून नाचण्यात घालवला. लोकांना वाटलं आनंदाने नाचतेय. आधी मुंग्यांमुळेच नाचत होते. मग बकुळाने दुर्बिणीवरून मान उचलून "समद्या काळ्यात गं, वैजे, समद्या!" म्हणून किंकाळी फोडली, तेव्हा मुंग्या विसरून नाचले.

विभागात दुसरी आले. संघात माझं नाव लागलं. सरनोबत साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "वायरलेसला दुसरा माणूस बघायला हवा," ते म्हणाले, आणि बकुळाने तिथेच मला मिठी मारली.

संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यावर सगळे आपट्याची पानं वाटायला जमले. माझ्या हातावर, मानेवर गांधी उठल्या होत्या आणि मी त्या पदकासारख्या मिरवत होते. बाईसाहेबांच्या पाया पडले, सोनं दिलं, आणि आनंदाच्या भरात म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या पाद्यपूजेनंच जिंकले हो मी. त्या पंचामृतानं डावा पाय असा बसला की हललाच नाही."

बाईसाहेब माझ्याकडे बघतच राहिल्या. "कसलं पंचामृत?"

"काल तुम्ही घातलंत ते."

"अगं, पोलादावर कुणी मध घालतं का? फौजदाराची लेक आहे मी. माझे वडील काडतुसाच्या पट्ट्यालासुद्धा ओला हात लावू द्यायचे नाहीत. चार थेंब पाणी घातलं नुसतं, तेही पदराने टिपून घेतलं. पंचामृत देवीपुढे होतं."

मी बकुळाकडे पाहिलं. बकुळाने आपट्याच्या पानांकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी एकदमच पडवीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे मुलाणी उस्ताद जिलबीची बशी घेऊन बसले होते, आणि आमच्याकडे लक्ष नसल्याचं सोंग इतकं वाईट करत होते की जिलबी नाकाला लागली.

"उस्ताद," मी समोर जाऊन उभी राहिले, "डावी तंगडी कशानं अडकली?"

"स्क्रू," उस्ताद म्हणाले. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "बारीक हाय. आतल्या अंगाला. परवा पुसताना बशिवला."

"तुम्ही?"

"म्या न्हाय तर कोन? आगं, वरीसभर वरडतुया तुझ्या कानात, तंगड्या सोड, तंगड्या सोड. सोडल्यास? मग म्हनलं, तंगडीनंच तुला सोडावं."

"आणि मी विचारलं असतं तर?"

"स्प्रिंग तुटली म्हनून सांगनार हुतो. तेवढ्यात बाईसाहेबांनी वाटी उचलली आन तुमीच पंचामृत पंचामृत करत सुटला. माजी काळजी मिटली."

बकुळा हसत हसत खालीच बसली. "आन दोनी का न्हाय अडकावल्या, उस्ताद?"

"दोनी अडकल्या असत्या तर हिला संशय आला असता. हिचं डोकं बरं हाय. हातच वंगाळ हायत."

सगळी पडवी हसली. मीही हसले, पण हसता हसता मधेच थांबले. उस्तादांनी ते बरोबर पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"काय झालं?"

"मग जिंकलं कोण, उस्ताद? मी का तुमचा स्क्रू?"

"काय बी बोलतीस."

"राज्याच्या संघात तुम्ही नसणार. तिथली बंदूक तुमच्या हाताखालची नसणार. तिथे मी परत खाचा मोजत बसले तर? मग ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला नको फुकटची."

उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, आता मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. पण ते म्हणाले, "सकाळी उजाडल्याव माळाव ये. सरावाच्या गोळ्या उरल्यात थोड्या. स्क्रू काढून ठिवतो. बकुळा मोजंल, कितींदा हात लावतीस ते."

"एकदाच लावायचा," मी म्हणाले. "ठेवताना. दुसऱ्यांदा लावला तर मी स्वतः साहेबांना जाऊन सांगेन."

"सांग," उस्ताद म्हणाले, पण त्यांनी उरलेली जिलबी काही खाल्ली नाही.

सकाळी माळावर आम्ही तिघंच. गवत ओलं होतं, सूर्य नुकताच टेकडीवर आला होता. आदल्या दिवशीचे झेंडू इकडेतिकडे पडलेले. उस्तादांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी दोन्ही बटणं दाबून पाहिली, दोन्ही पाय सळसळ बाहेर आले, आत गेले. कुठे काही अडकत नव्हतं.

मी बंदूक उंचवट्याच्या कडेवर ठेवली. दोन्ही पाय आखूड. खळगा उकरला, बंदूक सरळ झाली की नाही ते एकदा पाहिलं, आणि हात काढून घेतला. पालथी पडले. ज्वारीची पिशवी मुठीत घेतली, खांद्याने बंदूक पुढे रेटली.

डावी एक खाच कमी वाटली.

तो वाटण्याचा क्षण मला आज पंचवीस वर्षांनी, दुसऱ्यांच्या पोरींना हेच शिकवतानाही आठवतो. हात सुटायला बघत होता. मी ज्वारीची पिशवी दाबली. काळा ठिपका वर आला, दुर्बिणीतल्या नेमाच्या तारेवर बसला. मी मनात म्हटलं, असू दे कमी. आणि श्वास सोडला.

मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, कारण मी फार मजेत होते. गोळीमागून गोळी. धक्का खांद्यावर यायचा, बंदूक परत होती तिथेच बसायची, ठिपका परत समोर यायचा. शेवटची मारून मी बोल्ट मागे ओढला आणि उठून बसले.

"किती?" मी विचारलं. "हात किती वेळा लावला मी?"

"एकदाच," बकुळा म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती. "ठेवताना. आन समद्या काळ्यात."

मी उस्तादांकडे वळले. ते आमच्या मागे पाठमोरे उभे होते. टोपी काढून तोंडावर धरली होती, पार डोळ्यांपर्यंत.

"उस्ताद! ऐकलंत का?"

"ऐकलं," टोपीतून आवाज आला. "खरं हाय का, थोरवे?"

"आईशप्पत, उस्ताद. तुमी बघितलं न्हाय व्हय?"

उस्ताद हळूच वळले. टोपी खाली घेतली. डोळे लाल झाले होते आणि मिशीखाली हसू मावत नव्हतं.

"न्हाय बघितलं," ते म्हणाले. "धीरच झाला न्हाय." मग खिशात हात घालून त्यांनी उरलेल्या गोळ्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "परत मार की, पोरी. आता बगतो."

मी गोळ्या घेतल्या आणि परत पालथी पडले. इतकी खुशीत होते की बंदूक धरताना हसू आवरत नव्हतं, आणि हसू आवरेपर्यंत उस्ताद माझ्याशेजारी मातीत मांडी घालून, डोळे मोठे करून, वाट बघत बसले.